नेट स्लो शे

काल नेटचा तिसरा डबा एका हातात, स्क्रू दातांत, आणि शिडी धरायला उभा केलेला नेटवाल्यांचा धनसिंग खाली मोबाइल बघतोय, अशा अवस्थेत मी अक्काच्या दारावरच्या भिंतीशी होतो, तेव्हा तुझा व्हिडिओ कॉल आला. उचलता आला नाही. राग धरू नकोस.

प्रिय प्रशील, सप्रेम जयभीम. (हे आधी लिहायला हवं होतं. शिडीवरून उतरल्यावर सुचलं.) तुझी आणि सपनाची तब्येत बरी असेल. बंगळुरात हवा थंड आहे असं तू दर फोनला सांगतोस आणि आम्ही ते शांतपणे ऐकून घेतो. इथे दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हातावर घेतलं की चटका बसतो. तुझी वहिनी बरी आहे. मीही. अक्काबद्दल पुढे लिहितो.

तू तीन डबे पाठवलेस. एक बैठकीत, एक मधल्या खोलीत, एक अक्काच्या खोलीत. पहिल्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला नेट पोचवायचं. आपलं घर खोलीमागे खोली असं लांबच लांब, त्यामुळे कल्पना चांगली होती. पण अक्काची तक्रार थांबली नाही. तू फोन केलास की ती थोडा वेळ पडद्याकडे बघते, ‘नेट स्लो शे’ म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. (धुळ्याकडचं माहेर सुटून एवढी वर्षं झाली, पण तिचा ‘शे’ सुटला नाही.) पूर्वी तुम्ही मायलेक तासभर बोलायचात. आता तुझ्याशी मी बोलतो, आणि आपल्या दोघांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काही नसतं, हे तुलाही जाणवलं असेल.

म्हणून नेटवाल्याकडून धनसिंगला बोलावलं. त्याने मोबाइलवर स्पीड मोजला. बैठकीत उत्तम. अक्का जेवून पडली होती, म्हणून तिच्या खोलीत दारातूनच मोजला. जवळजवळ काही नाही. सकाळी सगळे डबे बंद करून पुन्हा चालू करा म्हणाला, केले. पासवर्ड बदला म्हणाला, बदलला. (आता तो मलाच आठवत नाही.) कूलर लोखंडी आहे, तो सरकवा म्हणाला. सरकवला. नेट तेवढंच राहिलं, उकाडा वाढला. गंमत अशी की सकाळी नेट नीट चालायचं आणि जेवणानंतर मान टाकायचं. धनसिंगने दोष उन्हाला दिला. जळगावात कशाचाही दोष उन्हाला देता येतो, कोणी उलटतपासणी करत नाही.

काल दुपारी तुझी वहिनी कोथिंबीर काढायला माठाशी गेली आणि तिने मला हाक मारली. माठाखालच्या ओल्या वाळूजवळ आपण उन्हाळ्यात काय काय ठेवतो तुला माहीत आहे. कोथिंबीर होती, लिंबं होती, अक्काच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती, आणि स्टीलच्या हंड्यांमागे, छोट्या पाटावर, तुझा तिसरा डबा होता. वायर मिक्सरच्या प्लगमध्ये. दिवा लागलेला.

अक्काला विचारलं. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. “हात लाई देख. कसा तपेल शे. जीव नही का त्याले?” जेवणं झाली की ती त्याला रोज गारव्याला नेत होती आणि झोपताना परत जागेवर ठेवत होती.

धनसिंगला पुन्हा बोलावलं. तो तिच्यासमोर बसून म्हणाला, “अक्का, पाणी अन् स्टील, दोन्ही नेटचे दुश्मन.”

“आन ऊन मैतर शे का?” अक्का म्हणाली.

 डबा तिचा हात पोचणार नाही असा उंच बसवायचं ठरलं. ती शिडी त्यासाठी होती.

तू संध्याकाळी पुन्हा फोन केलास. इतका स्वच्छ दिसलास की तुझ्या मागच्या भिंतीवरची पाल मला तुझ्याआधी दिसली. अक्काने पदर सारखा केला, पडद्याकडे लक्ष देऊन पाहिलं, हसली, आणि ‘नेट स्लो शे’ म्हणून फोन माझ्याकडे दिला. धनसिंग दुखावला. “भाऊ, याच्यापेक्षा फास्ट पाहिजे असेल तर त्यांना घरीच बोलावून घ्या,” म्हणाला आणि शिडी घेऊन गेला. (शिडी आपली होती. आज आणायची आहे.)

आज दुपारी मी नशिराबादहून स्कूटरवर आलो. उन्हामुळे डोक्यातोंडाला उपरणं गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे. अक्का दारात होती. जेवलीस का, मी विचारलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“नेट स्लो शे,” ती म्हणाली.

माझ्या हातात फोन नव्हता.

मी उपरणं सोडलं. तेच, तेवढ्याच आवाजात पुन्हा विचारलं. “जेवण व्हयनं कव्हयच. तुन्हं ताट झाकेल शे.”

ताटावर बसवेना. ती भेंडी चिरत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, अक्का, घराला आग लागली. ती भेंडी चिरत राहिली. तुझी वहिनी मात्र पाण्याची कळशी घेऊन धावत आली. तिची समजूत काढायला वेळ लागला.

अक्काला ऐकू येत नाही, प्रशील. कधीपासून, ते सांगता येत नाही. ती आपले ओठ बघून बोलत होती. आपण तिच्यासमोर बसून बोलत होतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिने तुझी आठवण काढली आहे. रोज काढते. उरलेलं खाली लिहितो.

तुझा,
रविंद्रभाऊ

ता. क. तुझी मिशी दिवाळीपासून वाढते आहे आणि आता वरच्या ओठावर उतरली आहे. शोभते, हे मान्य. पण ती काप. दाढी हवी तर ठेव, ओठ मोकळे कर. का कापली असं अक्काने विचारलं तर बंगळुरात यंदा उकाडा आहे असं एकदा खोटं बोल.

आणखी एक. हे फोनवर सांगितलं नाही, कारण तू लगेच ‘खरंच का?’ असं तिच्यासमोर विचारलं असतंस. कानाच्या मशीनचा विषय तू काढू नकोस. समोरच्या जीवराम नानांनी मशीन लावलं, तेव्हापासून ती त्यांना ‘म्हातारा व्हयना बिचारा’ म्हणते. नाना तिच्यापेक्षा धाकटे आहेत. ते मी बघतो. चौथा डबा पाठवू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाकीट चिकटवण्याआधी: आत्ता सपनाचा कॉल येऊन गेला. अक्का तिच्याशी चहा निवेपर्यंत बोलली. चित्र मधेच अडकलं. अक्का थांबली, ते हलेपर्यंत वाट पाहिली, आणि पुढे बोलली. नेट आज भारी शे, असं फोन ठेवताना म्हणाली. डबा माठाजवळ होता. तुझ्या वहिनीने तो स्टुलावर चढून उतरवून दिला होता. फार तापला होता, असं तिचं म्हणणं आहे.