ढब्बू उचलायची रीत

विहीणबाईंना, पाठ ताठ ठेवून, गुडघे थोडे सैल सोडून, कमरेतून वाकून केलेला नमस्कार.

पूर्वी पत्रात 'वाकून नमस्कार' लिहायला सांगायचे ते नुसतं लिहिण्यापुरतं. खरंच वाकले असते तर उठवायला दोन माणसं लागली असती, आणि तेवढी माणसं आमच्या घरात रिकामी नसतात. आता मात्र खरीखुरी वाकते आणि खरीखुरी उठते, म्हणून रीतसर सांगितला. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला? त्यांना म्हणावं, खोकला हा काही छंद नव्हे, सोडला तरी चालतो. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचे जावई तेवढे आठवडाभर पाठीखाली उशी घेऊन छताकडे बघत पडले होते, पण ते पुढे येईल. काळजी करू नका, त्यात हसण्यासारखंच जास्त आहे.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते आणि तुमची लेक लिहिते. आता तक्रार तिच्याबद्दलचीच, म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. म्हणून आधीच बजावलंय की सांगेन तसं उतरवायचं, गाळागाळ नको. (आई, मी सगळं जसंच्या तसं लिहिते आहे. जिथे राहवणार नाही तिथे कंसात बोलेन. — लिहिणारी.) हे आत्ता काय लिहिलं हिने? मी तर श्वास घ्यायला थांबले होते.

तर मूळ गोष्ट अशी. आपला ढब्बू, म्हणजे तुमचा आणि माझा सामाईक नातू (नाव चांगलं ठेवलंय, पण अंगाला शोभतं ते हेच), एका सकाळी सतरंजीवर बसून खुळखुळा चघळत होता. मला बघून त्याने दोन्ही हात वर केले. आता नातवाने हात वर केल्यावर कोणती आजी आधी आपले पाय किती अंतरावर आहेत ते बघते? वाकले, उचललं, आणि अर्ध्या वाटेत कमरेत काहीतरी 'कट्' म्हणालं. ना वर जाता येईना, ना खाली. पोराला सोडायचा प्रश्नच नव्हता. त्याला मिठी मारून मी तशीच काटकोनात उभी. ढब्बूला वाटलं नवा खेळ आहे. तो खिदळतोय, मी ओरडतेय. तुमच्या लेकीने धावत येऊन आधी पोर काढून घेतलं (बरोबरच केलं), आणि मग नवराबायकोने मिळून मला गंजलेली घडीची खुर्ची उघडतात तशी उघडलं. आवाजही तसाच आला.

त्याच संध्याकाळी सूनबाईचं फर्मान निघालं. जमिनीवर बसून, कशालाही न धरता ज्याला उठता येईल त्यानेच या घरात बाळाला उचलायचं. ऐकायला कायदा सगळ्यांना सारखा. पण तीन मोठ्या माणसांच्या घरात तो कुणासाठी होता हे सांगायला वकील नको. (डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, आई. — लिहिणारी.) तेव्हापासून मी खुर्चीत बसायचं, मांडीवर उशी घ्यायची, आणि मग कुरिअरवाला पार्सल देतो तसा ढब्बू आणून ठेवायचे. उशीर झाला तर परत न्यायचे. बाकी मला काही वाटलं नाही हो. पण पोर रोज सतरंजीवरून हात वर करायचं, आणि मी त्याला घ्यायचं सोडून कुणाला तरी हाक मारायची. असं करता करता त्याने माझ्याकडे बघून हात वर करणं सोडलं. दाराकडे बघून करायला लागला. तेवढं काही मला सोसेना.

पाठीच्या डॉक्टरांना म्हटलं, मलम द्या. ते म्हणाले, आजी, वजन उचला. मी म्हटलं, अहो, उचलूनच तर इथे आलेय! म्हणाले, चुकीचं उचललंत. आता बरोबर उचलायला शिका, पाठीत आणि पायांत ताकद येईल. म्हणजे जिन्यावरून पडलेल्याने जिन्याचीच शिकवणी लावायची. पण माणूस सरळ डोळ्यांत बघून बोलत होता, म्हणून ऐकलं.

व्यायामशाळा चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ज्याला वर पोचता येतं त्याला तिची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला पोचता येत नाही. आत चारही भिंतींना आरसे. माझी पाठ मी इतक्या वर्षांनी पाहिली की ओळख पटायला वेळ लागला. आणि काय तो आरडाओरडा! एकेक दणकट पुरुष लोखंड उचलताना असा कण्हत होता, की त्यापेक्षा बाळंतिणीची खोली शांत.

आमच्या घराण्याची खोड तुम्हाला माहीत आहे. कुणी जड उचललेलं आम्हाला बघवत नाही, लगेच "थांब, मी हात लावते" म्हणून धावायचं. लेकीचं सामान पोचवायला आलात तेव्हा तुमची ट्रंक आम्ही पाच जणांनी मिळून उचलली आणि जिन्यात अडकवली, तीच ही खोड. तर तिथे एक गृहस्थ बाकावर उताणे पडून छातीवरची लोखंडी दांडी वर ढकलत होते. तोंड लालबुंद, हात लटपटताहेत. मला राहवलं नाही. म्हटलं, थांब रे बाबा, आणि एका टोकाला हात लावला. माझी बाजू वर गेली, पलीकडची खाली, आणि तिकडच्या चकत्या निसटून घरंगळत थेट पाण्याच्या पिंपापर्यंत. गृहस्थ उठून बसले. म्हणाले, "आजी, मी मुद्दाम उचलत होतो." म्हटलं, अरे, घरी कुणी बोललं का तुला? मुद्दाम कशाला असे हाल करून घेतोस?

शिकवायला एक कोचबाई आहे. खांदे एवढे की दारातून तिरकी होऊन येते, पण बोलायला लोणी. तिने पहिल्या दिवशी माझ्या हातात काय द्यावं? काठी! झाडूची काठी, खालचा झाडू काढलेला. मी म्हटलं, बाई गं, जन्मभर हीच धरली, ती शिकायला दोन मजले कशाला चढायला हवे होते? म्हणाली, आजी, आधी रीत, मग वजन. काठी पाठीवर उभी धरायची. ती डोक्याला, पाठीला आणि (हा शब्द मी लिहिणार नाही. — लिहिणारी.) अशी तिन्हीकडे टेकली पाहिजे, आणि टेकलेली न सुटता कमरेतून वाकायचं. मी वाकले की काठी सुटायची. शेवटी ती म्हणाली, "आजी, तुमच्या दोन्ही हातांत धुण्याच्या बादल्या आहेत. मागचं दार उघडं राहिलंय. कशाने लोटाल?"

"सुनेला हाक मारीन."

"सून घरात नाही."

"कुठे गेली?"

"आजी!"

मग म्हटलं, (पुन्हा तोच शब्द. — लिहिणारी.) त्याने लोटीन. "तेच करा!" म्हणून ओरडली. आणि खरंच हो, ते मागे नेलं की पाठ आपोआप सपाट राहते, गुडघे आपापल्या जागी राहतात, आणि सगळा भार मांड्यांवर येतो. एवढी मोठी विद्या त्या एका शब्दावर उभी आहे, आणि तुमची लेक नेमका तोच गाळतेय.

मग आला श्वास. पोटात हवा भरायची, रोखून धरायची, उचलायचं आणि वर आल्यावर सोडायची. माझी रोखली जाईना, कारण मी बोलत असायचे. कोचबाई म्हणाली, "उचलताना तोंड बंद, आजी." सासरी आले तेव्हापासून हे मला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. तुमचे व्याही, म्हणजे आमचे हे, होते तोवर मनातल्या मनातच म्हणत राहिले. बरं, बंद केलं तोंड, तर हवा सोडायचं विसरले. ती पुढचं समजावतेय आणि मी गाल फुगवून उभी. शेवटी तिनेच विचारलं, "आजी, राग आलाय का?"

काठीवरून मी कडीच्या गोळ्यावर आले. लोखंडाचा गोळा, वर धरायला कडी. नियम असा की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, एकदम उडी मारायची नाही. ढब्बूला हा नियम कुणी सांगितला कोण जाणे! मी सात किलोवर पोचले तर काट्यावर हा आठ. मी आठ उचलून मिरवत घरी आले तर हा साडेआठ. एकदा मी त्याच्या वाटीत अंमळ कमी वाढलं, (वाटी अर्धी असताना फ्रीजमागे लपवली होती. — लिहिणारी.) तर त्याने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचे चौकशीला आले.

एक गोष्ट मात्र मला त्या विद्येतली फार आवडली. कोचबाई म्हणते, ताकद उचलताना वाढत नाही, विश्रांती घेताना वाढते. म्हणून विश्रांतीच्या दिवशी मी भांड्यांना हात लावत नाही. (भांड्यांच्या बाबतीत सगळेच दिवस विश्रांतीचे आहेत. — लिहिणारी.) कंसात काहीतरी गेलं पुन्हा. कंस काढताना तिचा हात गोल फिरतो, मला कळतं.

आता तुमचे जावई. एका रविवारी ते मला घ्यायला आले. मी दांडीला दोन्हीकडे छोट्या चकत्या लावून, पाय रोवून, अगदी पुस्तकात काढावी तशी उचलली होती. हा दारातूनच, "आई! दे इकडे!" खोड कुठे जाते? धावत आला, समोरून वाकला, पाठीची कमान, गुडघे काठीसारखे ताठ, आणि माझ्या हातातून दांडी ओढली. पुन्हा तोच 'कट्'. यावेळी आवाज ओळखीचा होता. मी म्हटलं, "हलू नकोस. उशी लागेल." कोचबाईने आणि मघाच्या त्या उताण्या गृहस्थांनी त्याला जिन्यावरून खाली आणलं. मी चपला आणल्या. आता तोही माझ्याबरोबर येतो. त्याच्या हातात काठी असते.

आणि परवा मी सूनबाईला सांगितलं, घे परीक्षा. नवराबायकोला हात मागे बांधून भिंतीला उभं केलं, नाहीतर यांचे हात पुढे यायला वेळ लागत नाही. मी जमिनीवर बसले, आणि कशालाही न धरता उठले. एक गुडघा जरा कुरकुरला, पण कुरकुरण्यावर बंदी नव्हती. मग ढब्बूला सतरंजीवर ठेवला. मी पाय रोवले. पाठ सपाट. तो शब्द मागे. पोटात हवा भरली. खाली बघते तर सतरंजी रिकामी! पोर रांगत टेबलाखाली. लोखंडाचं एक बरं असतं, ठेवलं तिथे राहतं. पुन्हा आणून ठेवला, पुन्हा पाय, पाठ, हवा, तेवढ्यात हा दाराशी. माझी तयारी होईस्तोवर तो घरभर फिरून येत होता. तुमचे जावई भिंतीशी हसायला लागले आणि हसल्यावर पाठ धरली.

मग मी त्याच्यामागे जायचंच सोडून दिलं. जिथे होते तिथे पाय रोवून उभी राहिले. थोड्या वेळाने तो आपणहून रांगत आला, माझ्या पायाला धरून बसला, मान वर केली. दाराकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

काय सांगू, विहीणबाई! नऊ किलोचं ते चुळबुळतं वजन मी अशा रीतीने उचललं की कोचबाईने बघायला हवं होतं. अंगाशी घट्ट, पाठ सरळ, तोंड बंद. कुठेही कट् नाही. सूनबाई म्हणाली, "झालं, आई. पास झालात. आता ठेवा त्याला."

मी म्हटलं, ठेवायचं कसं ते पुढच्या आठवड्यात शिकवणार आहेत.

आता शिकलेलं नसताना करायचं म्हणजे पुन्हा दुखापत. तिलाही पटलं. मग आम्ही दोघं घरभर हिंडलो. त्याला नळ दाखवला, खिडकी दाखवली, समोरच्यांचं मांजर दाखवलं. तो खांद्यावर झोपला तेव्हा तुमच्या लेकीने येऊन सोडवून घेतला.

तुम्हीही थोडं वजन उचलत जा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जपून उचला.

तुमची,
नऊ किलोपर्यंतची विहीण

ता. क. — पत्राचं खरं कारण सांगायचं राहिलंच. पुढच्या आठवड्यात सूनबाई ढब्बूला घेऊन महिनाभर तुमच्याकडे येतेय. तुमचा वाढायचा हात सढळ, हे मी जावयांच्या पोटावरून ओळखून आहे. कोचबाईला विचारलं, महिन्यात माझी मजल किती वाढेल? म्हणाली, फार तर एक किलो. तेवढी तुम्हाला मुभा. त्यावर गेला तर परत पाठवताना वरचा भाग तुमच्याकडेच ठेवून घ्या. फारच माया आली तर गोष्टी सांगा. गोष्टींनी वजन वाढत नाही.

ता. क. (हे सासूबाईंनी सांगितलेलं नाही) — आई, मी कोचबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, खाली ठेवायचं तर आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो, उचलायच्याही आधी, आणि आजींना सगळ्यात छान तेच जमतं. मी घरात काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात येणार होते, ती आता त्याच्या पुढच्या आठवड्यात येते. रागावू नकोस.

ता. क. पुन्हा माझा — मी थांबल्यावरही तुमची लेक बराच वेळ लिहीत होती. काय लिहिलंस विचारलं तर म्हणते, "तुमचा नमस्कार." एवढा लांब नमस्कार असतो होय? जे असेल त्यातलं निम्मं सोडून द्या. आणि एक. निघायच्या दिवशी ढब्बूला दारापासून गाडीपर्यंत मीच नेणार आहे. हे तिला अजून सांगितलं नव्हतं, आता लिहिताना कळलंच असेल. बघा, लिहायची थांबली.

(न्या, आई. — लिहिणारी.)