सकाळच्या मीटिंगमधलं फुटबॉल

३ जून, बुधवार
चाकणच्या आमच्या प्लांटला नवे हेड आले, सुरेंद्र सर. सकाळच्या मीटिंगला सगळं इंग्रजी फुटबॉलचं. किक-ऑफ काय, गोलपोस्ट काय. अठरा जणांत मान फक्त मी हलवली. महिनाअखेर शिफ्ट इन्चार्जची जागा रिकामी होते आहे. वेल्डिंग लाइनवर माझी एकोणीस वर्षं झाली. समोर कोण, तर गणराज. वय एकोणतीस, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. निश्चय: रोज फुटबॉलचे दहा शब्द.

४ जून
ऋताने यादी करून दिली. लेक हुशार आहे. तीन शब्द झाले, सात उद्या. बायकोला, विजयश्रीला, सांगून टाकलं की जागा आपलीच समज.

९ जून
लाइन चाळीस मिनिटं बंद. सरांनी कारण विचारलं. म्हटलं, सर, बॉल मेन्टेनन्सच्या हाफमध्ये आहे. सरांनी उठून स्वतःच मेन्टेनन्सला फोन लावला. छाप पडली.

१४ जून, रविवार
कंपनीची मॅच, सांगवीला. मी जिल्ह्याला खेळलोय, असं सरांना आधीच सांगून ठेवलं होतं. (कबड्डी. पण विचारलं कुणी?) दहा दिवस मी लाइनवर ज्याला त्याला ऑफसाइड म्हणतो आहे, मैदानावर तो काय प्रकार असतो ते मात्र कळलं नाही. सात वेळा शिट्टी वाजली, सातही वेळा माझ्यासाठी. गुडघा सुजला म्हणून सरांनी बाहेर बसवलं. गुडघा बसल्यानंतर सुजला, पण ते बारकावे झाले.

१८ जून, गुरुवार, दुपारी ४
आमच्या लाइनचे तडा गेलेले ब्रॅकेट कस्टमरकडे पोचले, म्हणून त्यांचे ऑडिटर आले. अशा वेळी आमचा रिवाज ठरलेला आहे. सप्लायरच्या पत्र्यावर ढकलायचं, तो काही खोलीत नसतो. सरांनी विचारलं, चूक कुठे झाली. मी उभा राहिलो आणि म्हटलं, सर, धिस इज अवर ओन गोल, आपणच आपल्यावर केलेला. शब्द इतका अचूक बसला की थांबवेना. दर तासाच्या तपासणीच्या शीटवर मी आठही तासांच्या सह्या सकाळच्या चहाबरोबरच करून टाकतो, हेही सांगितलं. ऑडिटरने लिहून घेतलं. सर दोन ग्लास पाणी प्यायले. प्रामाणिकपणा भावला असावा.

२० जून
माझ्या शीटच्या फायली ऑफिसात नेल्या. फायली नेल्या म्हणजे कामाची दखल घेतली. विजयश्रीला म्हटलं, पेढ्यांची ऑर्डर दे. बघू म्हणाली.

२२ जून, सोमवार
गणराज शिफ्ट इन्चार्ज. मी उद्यापासून तळेगावच्या युनिटला, खराब निघालेले पार्ट घासायला. सर पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले. म्हणाले, नोकरी राहिली हेच खूप समजा, साहेबराव.

घरी येऊन विजयश्रीला सांगितलं. ऑडिटरसमोर मी काय बोललो ते तिला गुरुवारीच कळलं होतं. गणराजच्या बायकोने फोन केला होता. मग बोलली का नाहीस, म्हणून विचारलं. तुम्ही इतके खुशीत होतात, म्हणाली, आणि पोळ्या लाटत राहिली.

फार लाज वाटली. एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी मी तिला कंपनीतलं सांगत आलो. त्यातलं तिने किती खरं धरलं असेल, हे विचारायचं धाडस झालं नाही.