चौकात झालेली निवड

२ जून, लातूर
प्रज्ञा (यापुढे प्र., पोरीचं नाव किती वेळा लिहायचं) बंगळूरहून, तिथल्या विज्ञान संस्थेतल्या प्रवेशाची मुलाखत देऊन आली. चांगली झाली म्हणते. म्हणजे एका प्रश्नाला "माहीत नाही" म्हणाली आणि समोरचे तिघं खूश झाले. दोन वर्षं ट्यूशनसाठी माझ्याकडे राहिली, तरी 'माहीत नाही' म्हणायची हिंमत टिकली. मामाकडून आलेली नाही, हे नक्की. देशभरातून मूठभर पोरं घेतात तिथं. तिची हुशारी पाहता... जाऊ दे.
नायगावहून सुमनचा, तिच्या आईचा फोन. "दादा, निकाल लागेपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस." मी काय लहान आहे?

३ जून
बोललो.
बालाजीच्या दुकानात, चहा पिताना. तो फ्लेक्स छापतो आणि मी दर आठवड्याला पेपरातल्या माझ्या सदरात फ्लेक्सवाल्यांची सालं काढतो. चहा मात्र त्याच्याकडेच. त्यानं विचारलं, "सर, भाचीचं काय झालं बंगळूरचं?" म्हणालो, "झाल्यात जमा आहे." वर मुलाखत घेणाऱ्यांचे चेहरे कसे झाले तेही रंगवून सांगितलं. जणू टेबलाखाली मीच बसलो होतो.

५ जून
सकाळी दूध आणायला गेलो, तर चौकात प्र. दहा फुटी. ओळखपत्रावरचा फोटो, ओठ बालाजीनं गुलाबी केलेले. "बंगळूर येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" शेजारी मी, 'मार्गदर्शक'. तिच्या दीडपट.
फोन लावला. "बालाजी, काढ तो."
"का हो सर? आवडला न्हाई का? पैशाचं मनात आणू नका, आपलीच पोरगी हाय."
"अरे, निकाल लागायचाय अजून!"
"तुमीच म्हणलाव की झाल्यात जमा! बरं, तुमी सांगा, संध्याकाळी काढतो."
संध्याकाळी मी सांगितलं नाही. इथं तरी खरं लिहावं: फोटोत मी बरा दिसतो.
प्र.नं पाहिला. लायब्ररीत मागच्या गल्लीनं गेली.

८ जून
निकाल. प्रतीक्षा यादी. होकार नाही, नकारही नाही.
"वरच्या कुणी जागा सोडली तर, मामा."
"सोडतील की कुणीतरी."
"मी सोडली असती का?"
म्हटलं, कुणाची ओळख काढू. हसली. "वेटिंग आहे, पण ही एक्सप्रेस नाही मामा, टीसीला कोपऱ्यात घ्यायला."
संध्याकाळी कॉलनीच्या मंडळाचा सत्कार. फ्लेक्स पाहूनच ठरवलेला. नको म्हणायला गेलो आणि शाल घेऊन आलो. दोन शाली. "प्र.ला ताप आहे" असं सांगितलं. भाषण केलं, यश डोक्यात जाऊ देऊ नये यावर. टाळ्या पडल्या. घरी आलो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. शाली स्कूटरच्या डिकीतच ठेवल्या.

११ जून, नांदेड
बंगळूर नाही जमलं तर प्र.नं इथं बीएस्सी करायचं, म्हणून सुमननं मुलींच्या वसतिगृहात शब्द टाकून ठेवला होता. आज दोघं पक्कं करायला गेलो. वॉर्डनबाई म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमची पोरगी बंगळूरला लागली ना? मोबाईलवर फोटो आला की फ्लेक्सचा. मी जागा देगलूरच्या पोरीला दिली." मग माझ्याकडे निरखून, "मार्गदर्शक तुम्हीच ना?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
स्टँडवर सुमननं नायगावच्या बसची वेळ विचारून घेतली. मग, "आता रोज नायगाव-नांदेड करंल पोरगी. पहाटेची बस धरून." आणि बस लागल्यावर, चढता चढता, "दादा, तू दुसऱ्यांचे फ्लेक्स वाचून आम्हाला हसवायचास."
शिव्या दिल्या असत्या तर परतीचा प्रवास सोपा गेला असता.

१३ जून, लातूर
बालाजीला सगळं सांगितलं. प्र. सोबत होती. त्याचं तोंड उतरलं. "रात्रीतून काढतो सर, कुणाला कळणार न्हाई."
प्र. म्हणाली, "नका काढू, काका. लपून काढला तर मी काही चोरी केल्यासारखं दिसंल. 'निवड झाल्याबद्दल'वर पट्टी मारा." मजकूर तिनंच सांगितला: 'प्रतीक्षा यादीत नाव आल्याबद्दल'.
"असा फ्लेक्स कुणी लावत असतंय का, बाई?"
"आता लावा."
"अन् सरांचा फोटो? झाकू का?"
"राहू द्या. त्यांनाही थांबू द्या माझ्यासोबत."
बालाजी वर चढला. शिडी मी धरली. पानटपरीवरचे वाचून हसले. गेल्या कितीतरी वर्षांत मी लिहिलेल्या एकाही ओळीवर चौक असा हसला नव्हता.

१६ जून
संपादकांचा फोन, "या आठवड्यात कुणाची सालं काढताय?" म्हटलं, एक जण आहे हाताशी. अजून एक ओळ झाली नाही. दुसऱ्याचं सालपट कसं भराभर निघतं.
प्र.ची बॅग भरून तयार. बंगळूरसाठी स्वेटर, एसटीच्या पाससाठी काढलेले फोटो, दोन्ही त्यातच. या फोटोत ओठ तिचे स्वतःचे आहेत.
मोबाईल तिच्या हाताशी असतो. आज तीनदा वाजला. दोनदा बालाजी, "आलं का काही?" म्हणून. एकदा मीच, बाहेरच्या खोलीतून, लागतो का ते बघायला.