गेटवरचं प्रेत कोणी उचललं

ती. राजानंद मामांस, भाचा धर्मराजचा जय भीम. कानाचं कसं आहे? (फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "बराबर, बराबर" म्हणता, म्हणून हे पत्र.) बेबीनंदा मामीचा गुडघा बरा असावा. मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण पुढं वाचून तुम्हीच म्हणाल की खोटं कशाला लिहिलं.

मधी मी सुरतेला गेल्तो, तिथून नाशिकला, तिथं एका कॅटरिंगवाल्याकडं... ते राहू द्या. जालन्यात परत आलो तर मस्तगडला पुंजारामनं त्याच्या खोलीत जागा दिली. तो तुमच्याच जुन्या सळईच्या मिलमध्ये भट्टीवर होता. मागच्या मंगळवारी भट्टी उडाली आणि पुंजाराम गेला. कसा गेला ते लिहीत न्हाई, पत्र मामीही वाचतील. मालक म्हणाला, हा माणूस ठेकेदाराचा, आमच्या हजेरीत त्याचं नावच न्हाई.

मंग आम्ही तुमचीच रीत धरली. तुम्ही आणि तातेरावांनी युनियन काढली तेव्हाच ठरवलं होतं, भट्टीवर माणूस मेला की प्रेत गेटवर ठेवायचं, आणि बायकोला कायम नोकरीचा कागद मिळेस्तोवर उचलायचं न्हाई. पुष्पाबाईला तसाच मिळाल्ता, ती अजून तिथंच कामाला आहे. त्याच्या बायकोनं, मीनावहिनीनं, पुंजारामला गेटसमोर ठेवलं आणि उशाशी बसली. सगळे कामगार बाहेर, काम बंद. मॅनेजर चारदा बाहेर येऊन आत गेला. पाचव्यांदा कोरा कागद घेऊन आला, पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे तातेराव (नुसतं तातेराव म्हटलं की त्यांची पोरं अंगावर येतात). तुमच्या सायकलवर डबलसीट हिंडणारा माणूस, आधी नगरसेवक, मंग जिल्हा परिषद, मंग आमदार. दर वेळी पक्ष बदलताना म्हणाले, कामगारांनी सांगितलं. (काय सांगितलं ते कामगारांना पेपरातून कळायचं.) अजून लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राह्यले तरी "कामगार बंधूंनो" म्हणूनच सुरू करतात. मागं एका नवरदेवाच्या बापानं चुकून मूठ वर करून घोषणा दिली.

तर साहेबांनी चपला काढल्या आणि वहिनीच्या बाजूला मातीत बसले. रडले. खरंच रडले मामा, मी जवळून पाह्यलं. म्हणाले, "पोरी, मातीची हेळसांड होऊन राह्यली. कागद उद्या मी आणून देतो."

वहिनी म्हणाली, "आधी कागद, दादा."

"माझ्या शब्दापेक्षा कागद मोठा का?" असं म्हणून त्यांनी स्वतः पहिला खांदा दिला. प्रेत ठेवायला ज्यानं शिकवलं तोच उचलून राह्यला, त्याला अडवणार कोण? मॅनेजरनं पेन खिशात ठेवलं.

आज नववा दिवस. साहेब मुंबईला आहेत. वहिनी एकटीच फोटो घेऊन गेटवर बसते. वॉचमन पाणी देतो आणि म्हणतो, बाई, थोडं सरकून बसा, ट्रक येऊन राह्यला. फोटोला वास सुटत न्हाई, त्यामुळं मालकालाही घाई न्हाई.

मामा, तुम्ही या. तुम्ही तिच्या शेजारी बसलात तर जुनी माणसं बाहेर येतील. ज्यानं रीत पाडली त्याचं तोंड फिरलं, पण पाडणारे दोघं होते.

मामीला जय भीम. तब्येतीला जपा.

तुमचा,
धर्मराज

ता.क. तिरडीचा दुसरा पुढचा खांदा माझा होता. साहेबांनी माझ्याकडं पाह्यलं आणि मी दिला.

आणखी ता.क. तेव्हापासून मी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. रविवारी केदारखेड्याला तुम्हाला न्यायला येईन. जुन्या सहकाऱ्याचा सत्कार आहे असं सांगायचा हुकूम आहे, शाल आणि नारळ डिकीत ठेवलेत. पण साहेबांना आधी तुम्हाला गेटवर नेऊन, बाई आता ऊठ, असं वहिनीला तुमच्या तोंडून म्हणवून घ्यायचं आहे. म्हणून शनिवारच्याच एसटीनं निघा. रविवारी घरी सापडलात तर मी हात जोडून तुम्हाला गाडीत बसवीन. माझी मला बिलकुल खात्री न्हाई.