बरं दिसण्याची सवय

वुडलँड्स, सिंगापूर
ऑगस्ट २०१६

प्रिय आई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, ठाऊक आहे मला. बाबांना लगेच हाक मारू नकोस, आधी तू एकटी वाच. दर रविवारी व्हिडिओवर बोलतो तरी हिला पत्र कशाला सुचलं, असं तुला वाटणारच. तिथे तू मला बघत असतेस ना, आणि तू बघत असलीस की मला खरं बोलता येत नाही. म्हणून रोज सकाळी थोडं थोडं असं हे लिहितेय.

मी नोकरी सोडली, आई. म्हणजे सोडावी लागली. वर्षभर तुला जे डोळ्यांचं दुखणं म्हणून सांगत आले ते डोळ्यांचं नाही, मायस्थेनिया नावाचा आजार आहे. नसांनी दिलेला निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. विश्रांती घेतली की ताकद येते, वापरली की संपते. सकाळी मी अगदी तुझी जुनी मधू असते. दुपारी पापण्या मिटायला लागतात, एका माणसाची दोन दिसतात, संध्याकाळी कंगवा धरलेला हात डोक्यापर्यंत जात नाही. आपले फोन मी संध्याकाळचे सकाळवर का आणले, ते आता कळलं असेल. ऑफिसात बोलता बोलता आवाज नाकात जायचा आणि शब्द बोबडे व्हायचे. लंडनच्या एका क्लायंटने तर मी दारू पिऊन आलेय का, असंच विचारलं. सगळे हसले, मीही हसायला गेले, पण ओठ वर उचललेच गेले नाहीत. त्यानंतर महिन्याभरात मी राजीनामा दिला.

इथे आमचं सगळं बिऱ्हाड माझ्या नोकरीवर मिळालेल्या सरकारी पासवर उभं आहे. प्रबोधला नोकरी करायची परवानगी माझ्या पासमुळे, जाईची शाळा माझ्या पासमुळे. नोटिशीची मुदत संपून तो रद्द झाला की थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळून निघायचं. त्याची तयारी मी मनाशी केली होती, कारण एक आधार होता. कंपनीने आमचा विमा काढलेला आहे. आजारपणामुळे काम करणं अशक्य झालं तर पगाराचा मोठा भाग दर महिन्याला मिळत राहतो, पुण्याला येऊन राहिलं तरी. माझी औषधं, मधून मधून शिरेतून द्यावी लागणारी महागड्या औषधाची बाटली, सगळं त्याच्याच जोरावर चालायचं होतं. तो विमा त्यांनी नाकारलाय. आणि तो माझ्याच हाताने घालवला, हे मला गिळवत नाही.

कसा घालवला ते ऐक. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं, तेही सकाळी. तर तुझ्या लेकीने काय करावं? दोन दिवस नुसती पडून राहिली, ताकद साठवत. त्या दिवशी न्हाऊन, इस्त्रीचा निळा कुर्ता घालून, कानांत मोत्यांच्या कुड्या घालून निघाली. डॉक्टरकडे जाताना आजारी दिसलेलं तुला कधी खपलं नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा तू मला दोन वेण्या घालून, पावडर लावून नेलं होतंस, वाटेत कुणी भेटलं तर काय म्हणेल म्हणून. निघताना मी गोळीही घेतली. ती दोन-तीन तास हातापायांना उसनं बळ देते. डॉक्टर म्हणाले, हाऊ आर यू? मी म्हणाले, फाइन, थँक यू. हात वर धरून ठेवा म्हणाले, मी दात आवळून धरून ठेवले. खुर्चीचा आधार न घेता उठा म्हणाले, उठले. मनात चक्क शाबासकीची वाट बघत होते! परतताना टॅक्सीत मान सावरेना, प्रबोधने हनुवटीखाली तळवा धरून मला घरापर्यंत आणलं. अहवालात आलं की बाई कुणाच्याही मदतीशिवाय हिंडतेफिरते, ऑफिसचं काम करू शकते. प्रबोध चिडला नाही. चहा टाकता टाकता एवढंच म्हणाला, "मधू, तू तिथे अपंग ठरायला गेली होतीस गं, बक्षीस घ्यायला नाही."

अपंग हा शब्द मला सहन होत नाही आणि त्याच्याशिवाय आता माझं चालतही नाही. मला भीती वाटते, आई. परवा खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, भाताचा घास घशात अडकला. खाली जाईना, वर येईना, श्वासच बंद. जाईने पाठीत धपाधप मारलं, शेजारच्या टेबलावरची आंटी खुर्ची उलथून धावत आली, तेव्हा घास सुटला. घरी आल्यावर पोरगी दप्तर टाकत इथल्या बोलीत म्हणाली, "मम्मी, यू ऑलवेज से ओके. यू नॉट ओके लाह." नऊ वर्षांची आहे ती. घशाचं जे झालं ते कधीतरी श्वासाचंही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. तेव्हापासून मी भात पातळ करून चमच्याचमच्याने खाते. मरणाला मी भिते, आणि औषधाविना अंथरुणाला खिळून तुमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लावण्याला त्याहून जास्त.

हा शेवटचा भाग मुद्दाम दुपारी लिहितेय. अक्षर बघ कसं आलंय, पण फाडून पुन्हा लिहिणार नाही. आम्ही अपील केलंय आणि गुरुवारी पुन्हा तपासणी आहे. या वेळी माझ्या डॉक्टरांनी भांडून दुपारची वेळ मिळवलीय, आणि त्या दिवशीची दुपारची गोळी तपासणी झाल्यावरच घे म्हणालेत. तेही निभावेन. धास्ती आहे ती माझ्या तोंडाची. तो माणूस विचारेल कशी आहेस, आणि माझ्या तोंडून आपसूक फाइन निघून जाईल. प्रबोधने डॉक्टर होऊन माझी तालीम घेतली, दर वेळी तेच निघालं. जे म्हणायला हवं ते मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही, बाळंतपणाच्या कळा सोसतानाही नाही. वाटलं, जिच्यासमोर ते म्हणणं सगळ्यात अवघड, तिलाच आधी म्हणावं, म्हणजे परक्यासमोर जमेल. हे पत्र गुरुवारनंतरच तुझ्या हातात पडेल. तू काहीच करायचं नाहीस. मला फक्त एकदा म्हणून बघायचंय. आई, मी बरी नाही. माझं मला काही करता येत नाही.

तुझीच,
मधू