जास्तीचं प्यादं

प्रिय ठमे,

बोटीवरून पत्र लिहिते आहे म्हणून हसू नकोस. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि तुझी आई मेसेज टाइप करायला बसली तर तोवर बोट किनाऱ्याला लागेल.

तू हट्टाने तिकिटं काढलीस तेव्हा मी कुरकुर केली होती. पण खोली छान आहे, पलंग जमिनीला खिळवलेला, कपाटांना कड्या. खाण्यापिण्याची चंगळ आहे. बाबा मात्र खोलीचं दार चुकतात. सगळी दारं सारखीच आहेत, असं मी भेटेल त्याला सांगते, स्वतःलाही. तुझी नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होणार, छबडी आमच्याकडे राहायला येणार, म्हणून इथल्या दुकानातून नातीला टोपी घेतली. बाबांना दाखवली तर म्हणाले, कुणाची?

वरच्या डेकवर बुद्धिबळाचा भलामोठा पट आहे, फरशीवरच रंगवलेला. हत्ती-उंट कमरेएवढे, प्यादी त्याहून थोडी ठेंगणी, दोन्ही हातांनी कवेत घेऊन हलवायची. मारलेली मोहरी कठड्यापाशी ओळीने ठेवतात. पट दिसताच बाबांची कळी खुलली. चष्म्याच्या दुकानात काच घासून होईपर्यंत गिऱ्हाइकाला डावाला बसवणारा माणूस तो! रोज सकाळी चहा झाला की आम्ही वर. एक निवृत्त पायलट रोज हरतो आणि रोज नव्या दमाने येतो. तिथे बाबा एकही चाल चुकत नाहीत गं. तेवढा वेळ मला वाटतं, आपणच उगीच धसका घेतला.

परवाचा व्हिडिओ शेजारच्या खोलीतल्या दंतवैद्य बाईंनी काढून तुला पाठवला. तू लिहिलंस, बाबा एकदम फॉर्मात आहेत, तूच राईचा पर्वत करतेस. त्यात काळ्या फ्रॉकातली एक चिमुरडी पटावर येऊन उभी राहते. बाबा तिला काखेत धरून उचलतात, कठड्यापाशी मारलेल्या मोहऱ्यांच्या ओळीत नेऊन ठेवतात आणि तिच्या घरात आपला उंट आणतात. सगळे टाळ्या पिटतात. तू आणि जावईबापू हसून हसून बेजार झालात. आहेच ते हसण्यासारखं. पण मी पटाच्या पलीकडे उभी होते, मला बाबांचा चेहरा समोरून दिसत होता. मस्करी करताना त्यांच्या भुवया कशा नाचतात, तुला ठाऊक आहे. त्या हलल्या नाहीत.

व्हिडिओ तिथेच संपतो. त्यानंतर ती पोर एका हत्तीवर चढली आणि कठड्यावर पोटाने ओणवी झाली. खाली नुसतं पाणी. मी किंचाळले, तिची आई धावली, तिने तिला ओढून घेतलं. बाबा पुढची चाल शोधत होते.

खोलीत आल्यावर विचारलं, अहो, त्या पोरीला तिथे कशाला नेऊन ठेवलंत? म्हणाले, पोर कुठली, प्यादं होतं ते. मग कुणाची तरी चहाडी करावी तसं हळूच म्हणाले, पायलटने एक प्यादं जास्त लावलं होतं, मीच मोठ्या मनाने गप्प बसलो. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

ठमे, छबडीला आमच्याकडे ठेवू नकोस. एवढंच सांगायला बसले होते आणि पानभर इकडचं तिकडचं लिहिलं. घरी आल्यावर डॉक्टरांकडे जाऊच, तूही सोबत ये. तू म्हणशील, आई आहे की घरात. मी तिथेही होतेच गं, समोर उभी. नातीसाठी जीव किती आसुसलाय ते तुला काय सांगू, पण माझ्या दोन डोळ्यांना आता एकच माणूस पुरे आहे. तिच्यासाठी चांगलं पाळणाघर बघ. भेटायला मात्र आणत जा. आणलंस की तिचा हात तूच धरून बस. बाबांनी कितीही लाडाने हात पुढे केले, तरी सोडू नकोस.

तुझीच,
आई