सुया थांबल्या की

बुधवार, ६ फेब्रुवारी

इथल्या डॅनिश पेपराच्या संपादकीणबाईंनी, ग्रेथेबाईंनी, आज गळ्यात घातलंच. एस्बेनला या धंद्यात तीस वर्षं होतायत, बर्लिनची एक रेकॉर्ड कंपनी त्याचं सगळं जुनं काम परत काढतेय, त्यात एक नवा रीमिक्स — तर पानभर लेख हवा. मी म्हटलं, डोर्टेचा सख्खा भाऊ, माझा मेहुणा आहे, बरं दिसणार नाही. ग्रेथेबाई म्हणाल्या, "ऑर्हूसात कोण कोणाचा मेहुणा नाही? लिही."

आता लिहायचं काय? वाईच्या पाठशाळेत बारा वर्षं स्वर घोटलेला माणूस मी. एस्बेनचं संगीत म्हणजे कोणीतरी कपाट जिन्यावरून खाली ढकलतंय आणि ते पोचतच नाही. हे मी त्याला लग्नातच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "वामन, पोचलं की गाणं संपतं."

डोर्टे त्याच्याकडून आली ती थेट झोपली. बुधवारी संध्याकाळी भावाकडे जाऊन विणत बसायचं, हा तिचा नेम. मी त्याला बुधवारचं व्रत म्हणतो. आज पोटात दुखत होतं तरी मोडलं नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

लेखासाठी एस्बेनच्या स्टुडिओत गेलो, डोर्टेही बरोबर. जुनी डेअरी आहे ती, ब्राब्रांडला. लोणी घुसळायच्या खोलीत आता हा आवाज घुसळतो.

त्यानं सांगितलेलं थोडक्यात: चर्चमधल्या दीक्षेला सगळ्या मुलांना पाहुण्यांकडून पैसे मिळतात, बाकीच्यांनी मोपेड घेतल्या, यानं सिंथेसायझर घेतला. बाप वर्षभर बोलला नाही. मग युवककेंद्रातले शुक्रवार, मग कोपनहेगनचं तळघर, मग एका इंग्रज बाईच्या रडक्या गाण्याचा रीमिक्स. बाईचा आवाज तेवढा ठेवला, बाकी सगळं काढून टाकलं. त्या उन्हाळ्यात स्पेनच्या किनाऱ्यापासून फिनलंडपर्यंत लोक त्यावर नाचले. नंतर त्याच्याकडे रांग लागली. नंतर रांग दुसरीकडे हलली.

मी विचारलं, रीमिक्स म्हणजे नक्की काय करतोस? म्हणाला, "दुसऱ्याच्या घरातल्या आजीला खुर्चीसकट उचलायचं आणि समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवायचं. आजीला कळता कामा नये." हे लेखात घालणार.

बोलणं चाललं असताना कुठेतरी सारखं चिक् व्हायचं. थोडा वेळ शांत, परत चिक्. दात शिवशिवले. मी म्हटलं, हे काय वाजतंय? एस्बेन म्हणाला, "कुठे?" डोर्टे सुईवरची नजर न काढता म्हणाली, "वामनच्या घड्याळाचं असेल, भंगारात काढायला झालंय ते." एस्बेन हसला, कॉफी करायला आत गेला. ही टुणकन उठली, स्टुलावर चढली, छतावरच्या धुराच्या अलार्ममधली संपत आलेली बॅटरी बदलली, चिक् थांबलं, परत येऊन विणायला लागली.

गाडीत बसल्यावर तीच बोलली.

त्याला वरचे स्वर ऐकू येत नाहीत. सात वर्षं झाली. पक्ष्यांचं, किटलीच्या शिट्टीचं, झांजांचं काही नाही. इतकी वर्षं भिंतीएवढ्या कर्ण्यांसमोर उभा राहिला, त्याचं फळ. कोणाला सांगितलेलं नाही. या धंद्यात बहिरा म्हणजे मेलेला.

मग काम कसं करतो?

"माझ्या सुया बघतो," ती म्हणाली. वरचा आवाज टोचायला लागला की तिचे हात आपोआप थांबायचे. ते त्याच्या लक्षात आलं. सुया थांबल्या की तो तिथलं टोक कापतो. चालू झाल्या की पुढे. त्याला वाटतं हिला पत्ता नाही. आणि ही सात वर्षं मुद्दाम, वेळेवर थांबतेय.

पाठशाळेत स्वर चुकला की गुरुजी एक शब्द बोलायचे नाहीत. मांडीवर ताल धरलेलं बोट थांबायचं, बस. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघून म्हणायचो. म्हणजे बुधवारचं व्रत हे होतं तर! आणि घरात स्वेटर इतके का, याचाही उलगडा झाला.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

पोटदुखी नव्हे. कर्करोग आहे.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. दोन औषधं आहेत म्हणाल्या. एक जबर — गाठीवर जास्त चालतं, पण मूत्रपिंडं सांभाळावी लागतात, आणि बऱ्याच जणांचे कान जातात. सगळे नाहीत, वरचे स्वर. परत येत नाहीत. दुसरं मवाळ. कान बहुतेक राहतात, पण हिच्या गाठीवर भरवसा कमी. त्यांचा कल पहिल्याकडे.

डोर्टेनं एकच प्रश्न विचारला. "कानांचं नक्की का?"

मग म्हणाली, दुसरं द्या.

मला वाटलं घाबरली. गाडीशी पोचलो. मग कळलं — बर्लिनचं काम जूनपर्यंत आहे! मी तिथेच, रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये, आवाज चढवला. लोक बघायला लागले. इथे इतक्या वर्षांत मी कधी चढवला नव्हता.

ती म्हणाली, "जूनपर्यंत. मग घेते तुमचं जबर औषध."

मी म्हटलं, गाठीला विचारलंस का, जूनपर्यंत थांबतेस का म्हणून?

"वामन, त्याच्याकडे दुसरं काही नाही. ना बायको, ना मूल, ना पेन्शन. हे गेलं तर तो त्या डेअरीत बसून राहील. मी बघितलंय त्याला तसं, बाबा गेले तेव्हा." आणि मग, "त्याला सांगणार नाहीस. शब्द दे."

दिला. का दिला कोण जाणे. तर्कशास्त्र शिकलेला माणूस, वाद घालण्यात उभं आयुष्य घालवलं, आणि बायकोपुढे हेत्वाभाससुद्धा सुचला नाही.

रविवार, ३ मार्च

उपासांआधीचा इथला सण आहे, गल्लीतली पोरं सोंगं घेऊन लाकडी पिंप फोडतायत. शेजारच्या कर्स्टननं क्रीमचे पाव आणून दिले. डोर्टेनं एक चाटला, ठेवला. उरलेले मी खाल्ले, सगळे.

बुधवार, १३ मार्च

आजार आहे, औषध चालू आहे, एवढं एस्बेनला सांगितलंय. दोन औषधं होती हे नाही. तो आज स्वतः तिला न्यायला आला, गुडघ्यावर पांघरायला घोंगडं घेऊन. आजारी बहिणीला न्यायचं नाही, असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. घोंगडं आलं.

दारात मला म्हणाला, "तुझा लेख कधी? मेल्यावर छापणार का?"

मी म्हटलं, कोणाच्या?

हसला. मीही हसलो. जीभ चावून धरली होती.

शुक्रवार, २२ मार्च

गाठ तेवढीच. वाढली नाही, कमी नाही. डोर्टे याला चांगली बातमी म्हणते. बोटांची टोकं बधिर झालीत, टाके निसटतात. निळी बाही तीनदा उसवली.

बुधवार, १० एप्रिल

आज खुशीत आली. झालं म्हणाली, नवं गाणं बर्लिनला गेलं. एस्बेननं शेवटी तिच्या गालाचा पापा घेतला, जे हे लोक वाढदिवसालाही करत नाहीत. कसं झालंय विचारलं तर म्हणाली, "छान असणार. शेवटी शेवटी मला जरा डुलकी लागली."

सूप दिलं. चार चमचे. ओकली.

बुधवार, १७ एप्रिल

एस्बेन आला. नेहमी न वाजवता आत येतो, आज घंटा वाजवली. मी दार उघडलं तर पायपुसण्यावर बूट पुसत उभा, पुसतच होता.

बर्लिनचं उत्तर आलंय. तिथल्या होल्गरनं — गेली वीस वर्षं याची कामं तोच काढतो — फोनवर विचारलं, गाण्यावर दुलई कोणी टाकली रे? अर्ध्यानंतर सगळं बुजलेलं आहे. झांजा नाहीत, गाणाऱ्या बाईच्या आवाजातला श्वास नाही, जणू शेजारच्या घरात वाजतंय.

डोर्टे खिडकीशी होती, टोपी घालून. एस्बेन तिच्यासमोर बसला. बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होता.

म्हणाला, "सुया थांबल्या. मी कापत गेलो. परत थांबल्या, मी अजून कापलं. चालूच होईनात."

डोर्टे म्हणाली, "मला झोप लागली होती."

"हो. ते मला आज कळलं."

 सात वर्षं दोघांनी मिळून झाकलेलं आता मध्ये टेबलावर पडलं होतं, आणि दोघांपैकी कोणालाही त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. डोर्टेनंच सुरुवात केली. वाईट डुलकी होती, उद्या परत बसू, मी सकाळी येईन, सकाळी मला बरं असतं.

इथे मी शब्द मोडला. सांगून टाकलं — दोन औषधं होती. हिनं कुठलं घेतलं. का घेतलं.

डोर्टे माझ्याकडे बघेना. एस्बेन उठला, स्वयंपाकघरात गेला. मला वाटलं निघून जातोय. पाव कापल्याचा आवाज आला. राईच्या काळ्या पावाचे दोन तुकडे घेऊन आला, एकावर लोणी, एकावर लिव्हरचा लेप, लहान मुलाला देतात तसे चौकोन केलेले. तिच्यासमोर ठेवले.

"उद्यापासून ईस्टरची सुट्टी आहे. मंगळवारी डॉक्टरला फोन करायचा. तू नाही केलास तर मी करीन, आणि मला फोनवर अर्धं ऐकू येत नाही, तेव्हा तमाशा होईल."

"आणि बर्लिन?"

"होल्गरला सांगितलं. कान गेलेत म्हणून. सकाळीच."

मी विचारलं, तो काय म्हणाला? एस्बेन खांदे उडवून म्हणाला की होल्गरनं काम काढून घेतलं ते फार चांगल्या शब्दांत, इतक्या चांगल्या की आधी वाटलं दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय.

डोर्टेनं पावाचा एक चौकोन खाल्ला. मग एक त्याला दिला. माझ्याशी संध्याकाळभर बोलली नाही.

शनिवार, ११ मे

जबर औषध म्हणजे जबरच. बादली पलंगाशी. चादरी दिवसातून दोनदा. एस्बेन रोज येतो, बादल्या धुतो, तेवढं त्याला जमतं. बर्लिननं त्याचं नवं गाणं न घालताच संग्रह काढायचं ठरवलंय. एका तरुण पोलिश मुलाकडून त्या जागी दुसरं करून घेणार आहेत, एस्बेन म्हणाला घ्या की.

लेख छापून आला. कानांबद्दल अक्षर नाही. ग्रेथेबाई म्हणाल्या, टोस्टसारखा कोरडा झालाय. आजी आणि खुर्चीचं वाक्य मात्र लोकांना आवडलं.

सोमवार, २७ मे

ती विचारते, खिडकी उघडी आहे का? सारखं काहीतरी गुंजतंय म्हणे. खिडकी बंद होती.

रविवार, २३ जून

होळी समुद्रावर. इथे ही उन्हाळ्यात पेटवतात, वर गवताची चेटकीण. डोर्टे खुर्चीत, घोंगड्यात. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत गाठ निम्म्याहून लहान. मला रडू आलं, मी धुराच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

एस्बेननं तिला विचारलं, कान? माझ्यासमोर विचारलं. म्हणाली, "तपासले. ठीक आहेत. गुंजणंही थांबलं." मी त्या तपासणीला बाहेर बसलो होतो. डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं, गाठीच्या आनंदात.

एस्बेनचा चेहरा आगीकडे होता. इतका उजळलेला मी तो तीस वर्षांत पाहिला नव्हता. हळूच म्हणाला, पोलिश मुलाचं होल्गरला पसंत पडलेलं नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

व्रत परत सुरू. मीच गाडीतून सोडतो आता, तिला चालवू देत नाही. होल्गरनं त्या गाण्यासाठी एस्बेनलाच ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. सगळं माहीत असून दिली, हे त्याचं मोठेपण. एस्बेनचं म्हणणं, डोर्टेचं नाव यंदा रेकॉर्डच्या पाकिटावर छापायचं. ती म्हणाली, काय म्हणून छापणार, विणकाम?

दोघं हसली. बाही पुरी झाली.

बुधवार, २८ ऑगस्ट

आज थोडा लवकर न्यायला गेलो, म्हणून आतच बसलो. गाणं चालू. एस्बेन बटणांवर, नजर तिच्या हातांवर. सुया छान चालल्या होत्या.

चिक्.

यावेळी दाराजवळच्या अलार्ममधून. थोडं थांबून परत चिक्. गाण्यातही अर्ध्यानंतर वरच्या स्वरांत काहीतरी सुरीसारखं लागत होतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एस्बेननं मान वर केली नाही. सुया थांबल्या नाहीत.

मी स्टूल ओढलं, बॅटरी काढली. मग ते स्टूल डोर्टेच्या शेजारी ठेवून बसलो आणि म्हटलं, मला विणायला शिकव.

तिनं माझ्या हातातल्या बॅटरीकडे बघितलं. मग पिशवीत हात घालून तिनं सुयांची दुसरी जोडी काढली.